उसना सोफा

सानिका आणि निहार,

परवा मोठ्या आजीचं तेरावं झालं. तुम्ही दोघं आला नाहीत याची खंत करू नका. येऊ नका असं मीच सांगितलं होतं. सानिकाच्या परीक्षा तोंडावर आल्यात, आणि घाईघाईत काढलेल्या तिकिटाचे पैसे ऐकून मोठी आजी फोटोतून उठून बसली असती. फोनवर, सानिका, तू रडता रडता मध्येच थांबलीस आणि विचारलंस, "आजी, त्या मीटिंगच्या दिवशी मोठी आजी शेवटी एक वाक्य बोलली होती. तू सगळं इंग्रजीत करून सांगत होतीस, तेवढं एकच सांगितलं नाहीस. हेलन मला अजून विचारते. काय होतं ते?" निहारची तक्रार वेगळी. तिथल्या कॉलेजच्या जेवणघरात तुम्ही ती गोष्ट इतक्यांदा सांगितलीत की दर वेळी सोफा थोडा मोठा होतो. आता खरं काय ते कुणीतरी लिहून ठेवायला हवं, असं तो म्हणाला. दोघांचंही बरोबर आहे, म्हणून आजच बसले. मला प्रत्येक वस्तू जागच्या जागी लागते, आणि ही गोष्ट अजून जागेवर ठेवायची राहिली आहे.

एवढंच करा, वाचा तुम्ही, पण बोलू द्या मला तिच्याशी. लग्न होऊन या घरात आल्यापासून काहीही घडलं की मी आधी माझ्या मोठ्या जावेला सांगत आले. आता या वयात सवय कुठे बदलू?

वहिनी,

तुमच्या दहाव्यापासून बंड्याचा सोफा आपल्याच खोलीत आहे. भेटायला येणारी म्हातारी माणसं खाली कशी बसणार, म्हणून बंड्या आणि त्याचे सासरे, दोघांनी तिसऱ्या मजल्यावरून तो उचलून आणला. या वेळी कुणी मागायला गेलं नव्हतं. लोक यायचे, सोफ्यावर टेकायचे, तुमच्या फोटोकडे बघून चेहरा पाडायचे. मग कुणीतरी हळूच विचारायचं, "हाच ना तो?" की झालं, सगळी खोली हसायला लागायची. तळमजल्यावरच्या नाईकबाई शेवटी म्हणाल्या, "अहो, सुलोचनाबाई गेल्यात की घरात लग्न निघालंय?" आणि पदर तोंडाला लावून त्याही हसत बसल्या. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "हसा मेल्यांनो, पण चहा घेवन हसा."

मी गिरगावातली, इंग्रजी शाळेत शिकलेली, डब्यांवर नावांच्या चिठ्ठ्या लावणारी. तुम्ही मालवणजवळच्या गावातून थेट लालबागच्या या चाळीत आलेल्या, सगळं डोक्यात ठेवणाऱ्या. आपल्या दोन खोल्या शेजारी शेजारी, मधल्या भिंतीत दार पाडलेलं. परळच्या शाळेत इंग्रजी शिकवून मी दमून परत यायचे तेव्हा माझं ताट झाकून ठेवलेलं असायचं आणि टोमणाही तयार असायचा. "इली मास्तरीण. बस, फायली मगे बघ." माझ्या कपाटाकडे बघून तुम्ही म्हणायचात, "सुमन, तुझ्या फायलींत एक दिवस देवसुद्धा गावतलो." एरवी तुमचं बोलणं अगदी मुंबईचं. राग आला किंवा आनंद झाला की मालवणी सुटायची, त्यामुळे तुमचं काय चाललंय हे मला गॅलरीतूनच कळायचं.

इतक्या वर्षांत आपलं खरं भांडण एकाच गोष्टीवरून झालं. मागावं की मागू नये?

भावोजींची गिरणी बंद पडली तेव्हा मी या घरात नवी होते. आमचे दोघांचे पगार येत होते, तरी तुम्ही तुमची चूल वेगळी मांडलीत. धाकट्या जावेच्या पगारावर जेवायचं नाही, एवढंच कारण. रोज जेवणाच्या वेळेला दार उघडं ठेवून तुम्ही फोडणी करायचात. लसूण, मोहरी, चरचर आवाज, सगळ्या गॅलरीत वास. ती फोडणी कशावर पडते ते मला बरेच दिवस कळलं नाही. तुमचं तत्त्व होतं, घरात काय शिजतंय ते कुणाला कळू नये, काहीतरी शिजतंय एवढं कळावं. एकदा मी वाटीभर माशाची आमटी घेऊन आले आणि पातेल्यात डोकावले. आत पाणी होतं, त्यावर फोडणी तरंगत होती. तुम्ही वाटी घेतलीत. संध्याकाळी वाटी घासून परत आली, आणि तिच्यात मूठभर आमसुलं होती. घरात दुसरं काही नसणार. पण आलेली वाटी रिकामी परत पाठवायची नाही, हा तुमचा नियम.

हे आधी सांगितलं, कारण सोफ्याची गोष्ट तिथूनच सुरू होते.

सानिका दादरच्या कॉलेजात बारावीला होती. पदवीलाच बाहेर जायचं म्हणाली. इथे पदवी करून मग जा, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. दादरला एका सल्लागाराकडे मिलिंद तिला घेऊन गेला. त्या गृहस्थांनी गोड बोलून कर्जाचा रस्ता दाखवला, "घर तारण ठेवा, सगळेच ठेवतात." माझा मिलिंद प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासतो, कुणाशी वाद घालत नाही. तो घरी येऊन म्हणाला, "आई, आपलं घर तारण ठेवायला आपलं तरी आहे का?" नव्हतंच. पगडीची खोली. भाडं आपण देतो, मालक आपल्याला काढू शकत नाही, आपण ती विकू शकत नाही. इथे पिढ्या जातात, मालकी मात्र येत नाही.

सानिका मात्र रडत बसली नाही. ती माझीच नात, तिने पद्धतशीर काम केलं. "आजी, नावाला मोठी कॉलेजं मी बघतच नाही," ती म्हणाली. "परदेशातल्या मुलांना घरच्या ऐपतीप्रमाणे पैसे देतात, तेवढीच बघते. फार थोडी आहेत. आणि मदत मागितली की प्रवेश आणखी कठीण होतो." माटुंग्याच्या वाचनालयात बसून तिने निबंध लिहिले. मी तपासायला घेतले तर म्हणाली, "नको गं, तुझं इंग्रजी इस्त्री केलेलं असतं. त्यांना माणूस दिसायला हवा, कडक कॉलर नको." तुम्ही भिंतीला टेकून तांदूळ निवडत होतात. एवढं हसलात की तांदूळ सांडले.

पण पैसे मागायचे म्हटल्यावर तुमचं हसू गेलं.

"म्हणजे हात पसरायला एवढ्या लांब जायचं?"

"हात नाही पसरत, मोठी आजी. ते ऐपत विचारतात. आपण खरी सांगायची. उरलेलं ते घालतात."

"ऐपत विचारणाऱ्याच्या घरी कोण पोरगी देतं गो?"

सानिकाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "वहिनी, पोरगी द्यायची नाहीये, शिकायला पाठवायचीय." तुम्ही सूप आपटलंत. "एकच ता. जाता ती जाताच."

मग एक दिवस बर्फाच्या गावातल्या एका छोट्या कॉलेजातून ईमेल आली. मदत देणाऱ्या कार्यालयातली बाई, हेलन, घरच्यांशी बोलू इच्छिते, लॅपटॉपवर, समोरासमोर. कागदांत एक गोष्ट तिला समजत नव्हती. पत्ता दक्षिण मुंबईचा, आणि इमारतीच्या जागी टॉवर येणार असा करार. या कुटुंबाकडे मुंबईत एवढी मालमत्ता असेल तर मदत कशासाठी? सानिकाने तो मजकूर आम्हाला वाचून दाखवला आणि मग नाचायलाच लागली. "अरे, विचारतायत म्हणजे फाइल बंद केलेली नाही! अजून आत आहे मी!" बाकी सगळीकडून नकार आले होते किंवा अर्धामुर्धा हात पुढे आला होता, जो आपल्याला पुरला नसता. हे एकच राहिलं होतं. खोली मालमत्ता धरली गेली, तर सानिका कुठेच जाणार नव्हती. इतकं ते सरळ होतं.

मीटिंग आपल्या संध्याकाळी होती, म्हणजे त्यांच्या सकाळी. मी सगळं ठरवून दिलं. मिलिंद आणि माझी सून वैशाली बोलतील, अडलं तर मी इंग्रजी सांभाळीन, खोली आहे तशी राहील. मग मी मिलिंदच्या पगाराचे कागद स्कॅन करून आणायला दादरला गेले. परत आले तर दारात चपला काढताना वाटलं, मजला चुकला.

आपल्या खोलीत सोफा होता. मरून रंगाचा, मखमली, तिघांचा. पाठीला सोनेरी काठ. बंड्याने नुकताच घेतलेला. त्याच्यासमोर नाईकबाईंची काचेची टीपॉय, त्यावर कुणाचा तरी चिनी मातीचा सेट, भिंतीला कुणाचा तरी मोठा टीव्ही. पाण्याचं पिंप जुन्या पडद्याआड गेलेलं. आणि सोफ्याच्या मधोमध तुम्ही, नारायणपेठ नेसून, हातात माझ्या पाटल्या, गळ्यात वैशालीचा हार. पुढ्यात पोह्यांच्या बशा. लॅपटॉपसमोर पोहे!

"वहिनी, हे काय?"

"चेडवाक बघूक येतत," तुम्ही म्हणालात, "आणि घर असा दाखवूचा?"

"अहो, मुलगी बघायला नाही येत, त्यांना दाखवायचं आहे की आपल्याकडे नाही!"

"नाय म्हणून कोण दाखवता?"

सानिका पोटमाळ्याच्या शिडीवर बसून डोकं धरून हसत होती, आणि रडायलाही आली होती. मी सोफ्याचं एक टोक धरून ओढायला गेले. तुम्ही हलला नाहीत. तुमच्या वजनासकट सोफा ओढणं मला या जन्मात शक्य नव्हतं. तेवढ्यात लॅपटॉप वाजला.

हेलन प्रसन्न बाई होती. पिकलेले केस, बारीक चष्मा, मागे खिडकीत बर्फ. तिने नमस्कार केला, सोफ्याकडे बघितलं, टीव्हीकडे बघितलं, तुमच्या गळ्याकडे बघितलं आणि म्हणाली, घर सुंदर आहे. मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही एवढ्या खूश झालात की तुम्हाला येत असलेलं सगळं इंग्रजी एकदम बाहेर आलं.

"येस! न्यू टॉवर कमिंग! फोर्टी माळे!"

हेलनने काहीतरी लिहून घेतलं. "म्हणजे टॉवरमध्ये तुमच्या मालकीचा फ्लॅट असेल?" मिलिंद म्हणाला, "येस... म्हणजे, नो... बघा ना..." आणि कागद चाळायला लागला. वैशाली जमिनीकडे बघत होती. सानिकाने एकदा सांगायचा प्रयत्न केला आणि मध्येच उठून ती गॅलरीत गेली. मी तोंड उघडणार, तोच दारात धाड धाड पावलं वाजली.

बंड्या. घामाघूम. "काकी, सॉरी, सॉरी! माझी माणसं आली!"

मुलीकडची मंडळी डिलाईल रोडवरून त्याचं घर बघायला येणार होती. उद्या येणार होती, पण आजच आली. त्याच्या घरी बसायला फक्त दोन स्टुलं. त्याच्यामागोमाग जिन्यावरून एक गृहस्थ उतरत आले. टोपी, पांढरा शर्ट, गिरणीत जन्म घालवलेल्या माणसाचे खांदे. मुलीचे वडील. त्यांनी बंड्याकडे बघितलं, सोफ्याकडे बघितलं, लॅपटॉपमधल्या गोऱ्या बाईला हात जोडले आणि बाह्या सरसावल्या.

"जावई एकटा कसा नेणार? धरा तिकडनं."

जावई! घर नीट बघायच्या आधी, सोफा धरता धरता लग्न ठरलं. बंड्या लाजला की दमला, कळेना. "काकी, जरा उठा ना," तो तुम्हाला म्हणाला.

तुम्ही उठलात. दोघांनी सोफा उचलला, दारात तिरका केला, एकदा चौकटीला ठोकला. "सांभाळ रे, काठ निघंल!" आणि सोफा हेलनच्या डोळ्यांदेखत जिना चढून गेला. त्याची जागा रिकामी. तिथे जुनी फरशी, आणि भिंतीपाशी सरकवलेल्या आपल्या दोन चटया.

मी हेलनकडे बघायचं धाडस केलं. तिने तोंडावर हात धरला होता.

वहिनी, तुम्ही त्या रिकाम्या फरशीवर उभ्या होतात. नारायणपेठ, हार, पाटल्या. फोडणीचा वास सगळीकडे गेला आणि कुणीतरी येऊन झाकण उचललं, तसा तुमचा चेहरा झाला होता. मला वाटलं आता तुम्ही आत जाल. तुम्ही लॅपटॉप उचललात. तुम्ही! साधा फोन उचलताना पदराने हात पुसणाऱ्या. "सुमन," म्हणालात, "मी बोलतंय. तू इंग्लिश कर. एक शब्द खाऊ नको."

आणि मग तुम्ही तिला आपलं घर दाखवलंत.

"हा टीव्ही पहिल्या मजल्यावरचा. ही टीपॉय नाईकांची. कप कुणाचे मला पण माहीत नाही." तुम्ही हार काढून लॅपटॉपसमोर धरलात. "हा सुनेचा. या पाटल्या हिच्या, जी तुला सांगतेय तिच्या. साडी माझी." पडदा बाजूला केलात. "हे पिंप. पाणी सकाळी येतं, तेव्हा भरायचं. हा पोटमाळा. इथे ती अभ्यास करते, उभं राहिलं की डोकं लागतं, म्हणून ती बसूनच मोठी झाली." गॅलरीतून चालत शेवटपर्यंत नेलंत. "हे संडास. सगळ्यांचे." गॅलरीत सानिका पाठ करून उभी होती. तिच्या पाठीवर एक धपाटा घातलात. "आणि ही चेडू. ही आमचीच. उसनी नाय."

मी धावत मागे, एकेक वाक्य इंग्रजीत करत. इतकं वेगवान आणि इतकं खरं इंग्रजी मी शाळेत कधी शिकवलं नव्हतं. माझ्या इस्त्रीच्या घड्या कुठल्या कुठे गेल्या.

हेलनने फक्त एक प्रश्न विचारला, आणि तो बरोबर होता. "ही खोली उद्या विकायची म्हटली तर विकता येईल?"

"विकायला आमची हवी ना," तुम्ही म्हणालात. "आमची आहे, आणि आमची नाय पण. मालकाची आहे, आणि त्याची पण नाय. टॉवरचं म्हणशील, तर माझ्या लग्नापासून टॉवर येतोय. टॉवर वर जायच्या आधी मी वर जाईन."

मी सांगितलं. हेलन एवढी हसली की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग ती गंभीर झाली. म्हणाली, जे खर्चता येत नाही ते मी मोजणार नाही, पण माझ्या कार्यालयाला तसं लिहून हवं. मालकाच्या कचेरीतून आणि चाळीच्या समितीकडून कागद आणा. आणि तुम्हाला उद्देशून तिने विचारलं, सोफा का आणला होता?

तुम्ही म्हणालात, "आमच्याकडे मुलगी द्यायची असली की घर नीट दाखवतात. मला वाटलं, देतोय."

त्यानंतर तुम्ही ते शेवटचं वाक्य बोललात. ते मी पुढे सांगते.

कागद मिळवायला मिलिंदने मालकाच्या कचेरीत इतक्या खेपा घातल्या की तिथला शिपाई त्याला आधी चहा विचारायला लागला. कागद गेले. मग वाट बघणं. आणि एका सकाळी पोटमाळ्यावरून अशी किंकाळी आली की मला वाटलं पाल पडली. सानिका शिडीच्या पायऱ्या न वापरताच खाली आली. "झालं! झालं! आजी, झालं!" शिकवणीची फी, राहणं, जेवण, सगळं कॉलेज बघणार. मिलिंदला जेवढं खरंच झेपेल तेवढाच त्याचा वाटा. विमानाचं तिकीट आपलं, आणि सानिका तिथल्या वाचनालयात काम करणार. गॅलरीत सगळी दारं उघडली. बंड्या तिसऱ्या मजल्यावरून ओरडला, "माझ्या सोफ्यामुळे!" वैशाली भिंतीला टेकून रडत होती, मिलिंद तिला पाणी देत होता आणि स्वतःच पीत होता. तुम्ही शांतपणे विचारलंत, "हेलनबाय आणखी काय म्हणता?"

पत्राच्या शेवटी तिने विचारलं होतं, सोफेवाल्या गृहस्थाचं लग्न झालं का?

तुम्ही बंड्याच्या लग्नाची पत्रिका हळदकुंकू लावून तिला पाठवायला लावलीत. बर्फाच्या गावात, टपालाने.

पण आपण जिंकलो असं तुम्ही मला कधी म्हणू दिलं नाहीत. "फुकट नको गो," तुम्ही धरूनच बसलात. मी म्हणायचे, "फुकट नाही वहिनी, पोरीने ते मिळवलंय. मागण्यात कमीपणा नाही, खोटं दाखवण्यात आहे." तुम्ही म्हणायचात, "तू शाळेत शिकलंस ता. माझा पोट नाय शिकला." यावर आपण किती वेळा अबोला धरला! एकदा आपण त्या मधल्या दाराला कडीसुद्धा लावली, तुम्ही तुमच्या बाजूने, मी माझ्या. दोन्ही कड्या लागल्यावर कळलं की पहिली कोण काढणार हे भांडण वेगळंच आहे. शेवटी वैशालीने स्वयंपाकाला मीठ मागितलं आणि आपण दोघींनी एकदम कड्या काढल्या.

मग तुम्ही तुमचा तोडगा काढलात. सानिका निघाली तेव्हा तिच्या बॅगेत एक स्टीलचा डबा घातलात, मालवणी खाज्याने गच्च भरलेला. झाकणावर कोरलेलं, "सौ. सुलोचना परब, लालबाग". भावोजी गेल्यावरही त्यातला "सौ." तुम्ही घासून काढू दिला नव्हता. "हेलनबायला दे," एवढंच म्हणालात. विमानतळावर डबा उघडून बघणाऱ्या माणसालासुद्धा एक कांडी द्यावी लागली, असं सानिका सांगते. हेलनच्या कार्यालयात तो गुळातला खाजा दुपारपर्यंत संपला. हेलन डबा धुऊन परत देऊ लागली, तर सानिकाने तिला नियम सांगितला. आलेलं भांडं रिकामं परत पाठवायचं नाही.

हेलनने विचार करायला वेळ घेतला. सुट्टीला सानिका आली तेव्हा डब्यात तिकडच्या झाडाच्या रसाची साखर होती, पानांच्या आकाराच्या वड्या. तुम्ही एक तोंडात घातलीत, डोळे मिटलेत. आम्ही सगळे वाट बघत उभे.

"ह्यो तर गूळच," तुम्ही निकाल दिलात. "झाड तेवढा वेगळा."

त्यानंतर डबा जात येत राहिला. मग धाकट्या निहारचीही मीटिंग झाली, त्याच कॉलेजची. हेलनचा पहिला प्रश्न होता, "सोफा कुठे आहे?" तुम्ही स्टुलावर घरच्या साडीत बसला होतात, आणि तुम्ही तिला दारातून जिना दाखवलात. गेल्या पावसाळ्यात निहार गेला तेव्हा तुमचे हात थरथरत होते, पाक नीट जमत नव्हता. दोनदा मोडलात. मला कढईला हात लावू दिला नाहीत. तिसऱ्या वेळी जमला.

तुम्ही गेलात ती दुपार मी इथे लिहिणार नाही. मुलांना माहीत आहे, आणि तुम्हालाही. तुमची चटई अजून गुंडाळलेली नाही, कारण ती कुठे ठेवायची ते मला ठरवता येत नाही. माझ्यासारखीला हे किती कठीण आहे, ते तुम्हालाच कळेल.

आता ते वाक्य. सानिका, तू गॅलरीत होतीस, म्हणून तुला ऐकू आलं नाही. मोठी आजी सोफ्याच्या रिकाम्या जागी परत येऊन उभी राहिली, लॅपटॉप माझ्या हातात दिला आणि हळू म्हणाली:

"ह्या चेडू गेला की माका घर खावक उठतला. ता मात्र तिका सांगू नको. ती आमची ऐपत मोजता. ह्या आमका परवडणारा नाय असा तिका वाटतला, आणि ती नाय म्हणतली."

ही पोर गेली की घर मला खायला उठेल. पण ते हेलनला सांगू नको. ती आपल्याला काय झेपतं ते मोजते आहे. हे झेपणार नाही असं वाटून ती नकार देईल.

तुम्ही एक शब्द खाऊ नको म्हणाला होतात, वहिनी, आणि मग हे सगळं वाक्य माझ्या गळ्याखाली ठेवलंत. मी हेलनला सांगितलं, "ती आभार मानते आहे." हेलन म्हणाली, "बरेच लांब आभार होते." म्हणून ती अजून विचारते. आता सानिका तिला सांगू शकते. नकार द्यायची वेळ गेली.

तुम्हाला ते झेपलं का, हे मी कधी विचारलं नाही. आपल्यात तशी पद्धत नव्हती. तुम्ही फोडणी द्यायचात आणि मी वास घ्यायचे. पण सानिकाचा फोन वाजला की त्या मधल्या दारातून तुम्ही ज्या वेगाने यायचात, तसं धावताना मी तुमच्या वयाचं कुणी बघितलेलं नाही. माझं उत्तर मला त्यातच मिळायचं. मागण्याचं भांडण मात्र अजून मिटलेलं नाही. माझं मत तेच आहे, आणि तुमचंही तेच असणार.

टॉवर अजून आलेला नाही. तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं. सोफा उद्या बंड्या वर नेईल. तुमच्या खोलीतली आमसुलं मी बरणीत भरली, चिठ्ठी लावली नाही.

डबा तिकडे आहे, हेलनच्या टेबलावर. अजून परत आलेला नाही. झाकणावर तुमचं नाव आहे.